घटस्फोटासाठी मध्यस्थी: एक शब्द सोडला तर समाधानी

घटस्फोट संमतीने घ्यायचा हे आमचं दोघांचं ठरलं होतं. गाडी अडली ती मुलगी कुठल्या दिवशी कुणाकडे राहणार यावर. कोर्टात भांडत बसण्याआधी एकदा कौटुंबिक मध्यस्थाकडे जाऊन या, असं दोघांच्याही वकिलांनी सुचवलं. ज्या बाईंकडे गेलो त्यांच्यासोबत पाच बैठका झाल्या, त्याला आता दीड वर्ष होईल. तेव्हाच लिहायला बसले असते तर नुसतं कौतुक केलं असतं.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला वेगवेगळं बसवलं आणि सरळ विचारलं, "समोरच्याची भीती वाटते का? कधी हात उगारलाय?" मला रागच आला. नंतर पटलं. घरात दहशत असेल तर दबलेलं माणूस टेबलाशी बसून फक्त मान डोलावणार, त्याला तडजोड म्हणता येत नाही.

दुसऱ्या बैठकीत मी म्हणाले, "मी त्याला मुलीला भेटू देईन." बाई म्हणाल्या, "भेटू देणाऱ्या तुम्ही कोण? हक्क तिचा आहे." आणि संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचं नववं कलम वाचून दाखवलं: आईवडील वेगळे राहत असले तरी दोघांशी नियमित संबंध ठेवण्याचा हक्क मुलाचा, फक्त त्यात मुलाचं अहित असेल तर अपवाद. त्या दिवसानंतर "देईन" हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही.

मग कागदावर चौदा चौकोन आखले, दोन रंगांच्या पेन्सिली दिल्या. सोम-मंगळ माझे, बुध-गुरू त्याचे, शुक्र-शनि-रवी आलटून पालटून. मोजले तर सात-सात. मी नर्स आहे, ड्युटी फिरती, म्हणून सोम-मंगळची रात्रपाळी नको असं वॉर्डात आधी सांगून ठेवलं. बाईंची खरी मेहनत मात्र शब्दांवर होती. मी "संध्याकाळी आणून सोडणे" लिहिलं की त्या खोडायच्या. "संध्याकाळ म्हणजे किती वाजता? कुठल्या दारात? दप्तर कोण आणणार?" शेवटी कागदावर उतरलं: सहा वाजता, आईच्या दारात, दप्तर आणि इनहेलरसह. त्या दिवशी मी वैतागले होते, आज त्यांचे आभार मानते.

याचा उपयोग लेक घसरगुंडीवरून पडून मनगटाचं हाड मोडलं तेव्हा झाला. दिवस त्याचा होता. आमच्या कागदातलं कलम स्पष्ट होतं: ज्याच्याकडे मूल आहे त्याने आधी उपचार करायचे, अर्ध्या तासात दुसऱ्याला फोन, कागद दोघांकडे. फोन वीस मिनिटांत आला. घसरगुंडीचा निखळलेला कठडा, एक्स-रे, डॉक्टरांनी लिहिलेली वेळ, सगळ्याचे फोटो त्याच रात्री माझ्याकडे होते. भरपाई मागायची वेळ आली तर त्याच दिवशीचे कागद आणि फोटो लागतात, महिन्याने कठडा दुरुस्त झालेला असतो. "तुझ्याकडे असताना कशी पडली?" हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं, पण बोलले नाही.

आता तक्रार. शेवटच्या बैठकीत सगळे थकलो होतो आणि मोठ्या सुट्टीच्या ओळीत "परस्पर सोयीनुसार" राहून गेलं. इतर ठिकाणी एकेक शब्द खोडणाऱ्या बाईंनी तो तसाच जाऊ दिला. पहिल्याच सुट्टीत आम्ही त्याच शब्दावर भांडलो, तेही लेकीसमोर, ती बॅग भरत असताना. तिने भरलेले कपडे काढून परत कपाटात ठेवले. हे मला अजून विसरता येत नाही.

पुन्हा जाऊन तासाभरात दुरुस्त केलं: सम वर्षी सुट्टीचा पहिला निम्मा वडिलांकडे, विषम वर्षी आईकडे, बदल हवा असेल तर महिनाभर आधी लेखी.

जाणार असाल तर एक ध्यानात ठेवा. मध्यस्थ कुणाच्याच बाजूचा नसतो, सही करावी की नाही हे तो सांगणार नाही. मसुदा स्वतःच्या वकिलाला दाखवा आणि तो कोर्टाच्या आदेशात आला का हे पाहून घ्या. आणि सुट्टीची ओळ शेवटच्या बैठकीसाठी ठेवू नका, पहिल्या दिवशीच तारखांसकट लिहून घ्या.