मार्चमध्ये संघ प्लेऑफबाहेर गेला की काय मागायचं: हार की जीत?

कॅलगरीत राहणाऱ्या माझ्या मावसभावाचा मार्च महिन्यात फोन आला. "दादा, काल रात्री आम्ही जिंकलो, आणि आज ऑफिसात सगळे तोंडं पाडून बसलेत. म्हणतात, ड्राफ्टमधला नंबर घसरला. मग मी टाळ्या वाजवायच्या की नाही?"

तो सांगलीचा. क्रिकेटवर वाढलेला. कॅनडात येऊन त्याला दोनच हिवाळे झालेत आणि आइस हॉकीचं वेड लागून एकच. प्रश्न त्याने अगदी मनापासून विचारला होता आणि फोनवर मला त्याचं धड उत्तर देता आलं नाही. म्हणून हे सविस्तर. त्याच्यासारखे आपले बरेच लोक टोरांटो, कॅलगरी, एडमंटन, व्हँकूव्हरकडे आहेत, आणि हा पेच त्यांनाही कधी ना कधी पडतोच.

आधी मूळ गोष्ट. आयपीएलमध्ये तळाला राहून काही मिळत नाही, कारण लिलावासाठी प्रत्येक संघाच्या खर्चाची मर्यादा सारखीच असते. एनएचएलमध्ये, म्हणजे इकडच्या मुख्य आइस हॉकी लीगमध्ये, लिलाव नाही, ड्राफ्ट आहे. दर उन्हाळ्यात जगभरातल्या सतरा-अठरा वर्षांच्या मुलांमधून संघ आळीपाळीने निवड करतात, आणि जो तळाला राहिला त्याला आधी निवडायला मिळतं. ३२ संघांपैकी १६ प्लेऑफला जातात. उरलेल्या १६ संघांसाठी लॉटरी असते: एका यंत्रात १ ते १४ आकड्यांचे चेंडू फिरतात, त्यातले चार वर येतात, आणि ते आकडे ज्याच्या वाट्याला दिलेले असतील तो बहुतेक वेळा पहिल्या नंबरवर. जितके खाली, तितके तुमच्या नावावर जास्त आकडे. म्हणून मार्च उजाडला की बाहेर पडलेल्या संघाचे चाहते हरण्याचा हिशेब मांडायला लागतात. याला इकडे टँकिंग म्हणतात.

एक गैरसमज आधीच काढून टाकतो. बर्फावरचा खेळाडू मुद्दाम हरत नाही. त्याचं पुढचं कंत्राट या शेवटच्या वीस सामन्यांवरच ठरायचं असतं, आणि येणारा नवा मुलगा कदाचित त्याचीच जागा घेणार असतो. प्रशिक्षकाचंही तेच. हरण्याची सोय होते ती वरच्या मजल्यावर: जनरल मॅनेजर मार्चच्या डेडलाइनआधी, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल करायच्या शेवटच्या तारखेआधी, चांगले खेळाडू विकून (म्हणजे दुसऱ्या संघांना देऊन) टाकतो आणि कच्चा संघ मैदानात उतरवतो. चाहत्यांचं भांडण होतं तेव्हा या दोन गोष्टींची सरमिसळ होते, आणि तिथेच सगळा गोंधळ आहे.

हरलेलं बरं, असं म्हणणाऱ्यांची बाजू

ही बाजू कच्ची नाही. १९८३-८४ चा पिट्सबर्ग पेंग्विन्स बघा. मारियो लेम्यू नावाचा मुलगा त्या वर्षी ड्राफ्टला होता. पिट्सबर्ग आणि न्यू जर्सी तळाला एकमेकांच्या मागेपुढे. मार्चमध्ये पिट्सबर्गने आपला सर्वोत्तम बचावपटू रँडी कार्लाइल विनिपेगला देऊन टाकला, चांगला खेळत असलेल्या गोलकीपरला खालच्या लीगमध्ये पाठवलं आणि दुसऱ्याला आणलं. शेवटी पिट्सबर्गचे ३८ गुण, न्यू जर्सीचे ४१. तेव्हा लॉटरी नव्हती. जो शेवटचा, तो पहिला. लेम्यू आला आणि १९९१ व १९९२ मध्ये पिट्सबर्गने स्टॅन्ले कप, म्हणजे एनएचएलचं अजिंक्यपद, उचलला. ज्या संघाचं आर्थिकदृष्ट्या काही खरं नव्हतं, तो त्या एका मुलामुळे उभा राहिला.

आणि आजही अव्वल दर्जाचा सेंटर (मधल्या जागेवरचा आक्रमक खेळाडू) बाहेरून मिळणं फार अवघड आहे. क्रॉस्बी, मॅकिनन, मॅकडेव्हिड, मॅथ्यूज, हे सगळे पहिल्या नंबरवर निवडलेले. त्यात संघाच्या एकूण पगाराला कमाल मर्यादा आहे. नव्या मुलाचा मूळ पगार, बोनस सोडून, पहिली तीन वर्षं दहा लाख डॉलरच्या आसपासच असतो. म्हणजे हिरा मिळतो आणि तोही स्वस्तात. वाचलेल्या पैशात बाकीचा संघ बांधता येतो.

कॅलगरीकरांचं दुखणं तर मला नीट समजतं. फ्लेम्स म्हणजे कॅलगरीचा संघ. तो अटलांटाहून इथे आल्यापासून २०२५ पर्यंतच्या एकाही ड्राफ्टमध्ये फ्लेम्सनी चौथ्याच्या वर निवड केली नाही. २०२४-२५ मध्ये त्यांचे ९६ गुण झाले, सेंट लुईसचेही ९६. नियमित वेळेतले विजय एकाने कमी पडले म्हणून फ्लेम्स घरी बसले. ना प्लेऑफ, ना वरचा पिक (ड्राफ्टमधली निवड). अशा मधल्या चिखलात वर्षानुवर्षं रुतलेल्या माणसाला "एकदाच काय ते तळाला जा" असं वाटलं तर त्याला मी नावं ठेवणार नाही.

जिंकू दे म्हणणाऱ्यांची बाजू

मला स्वतःला ही बाजू जास्त पटते. कारण भावनेचंही आहे, पण आधी हिशेब.

गेल्या काही वर्षांचे नियम धरले तर शेवटच्या संघाला पहिला पिक मिळण्याची शक्यता २५.५ टक्के. म्हणजे चारातून तीन वेळा नाही. तो तिसऱ्याच्या खाली जात नाही, हे खरं. पण निम्म्याहून जास्त वेळा तो नेमका तिसऱ्यावरच येऊन थांबतो. खालून दुसऱ्याला १३.५ टक्के, तिसऱ्याला ११.५. इथपर्यंत फरक दिसतो. पुढे बघा: खालून सातव्याला ६.५, आठव्याला ६. म्हणजे तुमचा संघ सातव्यावरून आठव्यावर सरकला तर पहिल्या पिकच्या दोनशे संधींमधली एक गेली. तेवढ्यासाठी मंगळवारी रात्री जिंकलेल्या सामन्यानंतर माणसं दुसऱ्या दिवशी तोंड पाडून बसतात.

लॉटरी कशी फिरते त्याचे दाखलेही समोर आहेत. २०२५ मध्ये न्यूयॉर्क आयलँडर्स खालून दहावे होते, शक्यता साडेतीन टक्के. पहिला पिक त्यांना गेला आणि मॅथ्यू शेफर त्यांचा झाला. तळाला राहिलेला सॅन होजे दुसऱ्यावर. २०१९-२० चा डेट्रॉइट ७१ सामन्यांत फक्त १७ जिंकला, बाकी सगळ्यांपेक्षा मैलभर मागे, आणि तेव्हाच्या नियमांनुसार लॉटरीत थेट चौथ्यावर घसरला. त्या निकालानंतरच्या संतापाचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्या संघाने मुद्दाम काही केलं नव्हतं, तो खरोखरच तेवढा कमकुवत होता.

आता बफेलो. माझ्या घरून गाडीने दोन तासांवर आहे, म्हणून त्यांचं जास्त जवळून बघितलंय.

२६ मार्च २०१५. बफेलो सेबर्स विरुद्ध ॲरिझोना कायोटीज, बफेलोच्याच रिंकवर. दोघंही तळाचे. त्या वर्षी ड्राफ्टला कॉनर मॅकडेव्हिड आणि जॅक आयकल. बफेलोने फेब्रुवारी-मार्चमध्ये आपले दोन्ही चांगले गोलकीपर, एन्रॉथ आणि नॉयव्हिर्ट, देऊन टाकले होते. सामना ३-३ वर ओव्हरटाइमला गेला. ॲरिझोनाच्या सॅम गान्येने गोल केला आणि निळ्या जर्सीतले घरचे प्रेक्षक उभे राहून ओरडले. आनंदाने. आपला संघ हरला म्हणून. बर्फावर सेबर्सचे खेळाडू मान खाली घालून बोगद्याकडे निघाले होते. बचावपटू माइक वेबरने सामन्यानंतर आपलं दुःख लपवलं नाही. मी हे टीव्हीवर बघत होतो आणि मला आवाज बंद करावासा वाटला. घरच्याच माणसांनी आपल्या पोरांच्या पडण्यावर टाळ्या वाजवायच्या, हे मला अजून पचलेलं नाही.

बरं, मिळालं काय? बफेलो ५४ गुणांवर शेवटचा राहिला, ॲरिझोना ५६. लॉटरी जिंकली खालून तिसऱ्या असलेल्या एडमंटनने, आणि मॅकडेव्हिड तिकडे गेला. बफेलोला आयकल मिळाला, तोही थोर खेळाडू. पण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्याच्या भोवती संघच नव्हता. २०१८ मध्ये बफेलो पुन्हा शेवटचा, पहिला पिक डालीन. २०२१ मध्ये पुन्हा, पहिला पिक पॉवर. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मानेच्या शस्त्रक्रियेवरून बिनसलं आणि आयकल वेगासला गेला. २०२३ मध्ये त्याने तिथे कप उचलला. आणि २०११ च्या वसंतानंतर २०२५ पर्यंत बफेलो सलग १४ हंगाम प्लेऑफविना, एनएचएलमधला विक्रम.

यात मला सर्वात जास्त लागतं ते रायन ओ'रायलीचं. तो तीन वर्षं बफेलोत होता. २०१८ च्या हंगामाअखेरीस त्याने मोकळेपणाने सांगितलं की संघाला हरण्याची सवय झालीय आणि त्यात आपलं खेळावरचं प्रेमसुद्धा मधूनमधून हरवलं. त्या उन्हाळ्यात त्याला सेंट लुईसला दिलं. तो संघ ३ जानेवारी २०१९ ला अख्ख्या लीगमध्ये शेवटचा होता. टँकिंगचं गणित मांडणाऱ्याने तेव्हाच दुकान आवरायला सांगितलं असतं. सेंट लुईसने आवरलं नाही. बिनिंग्टन नावाचा गोलकीपर वर आणला, जिंकत गेले, आणि १२ जूनला बॉस्टनमध्ये सातवा सामना जिंकून कप घेतला. प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू: ओ'रायली.

शिवाय मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, हे हॉकीत फारसं खरं नाही. १९९३ मध्ये ओटावा मुद्दाम हरल्याच्या आरोपांमुळे पुढे लॉटरी आणावी लागली. त्यांनी पहिल्या नंबरवर घेतलेला देग अपेक्षेच्या जवळपासही गेला नाही. दुसऱ्यावर गेलेला प्राँगर हॉल ऑफ फेममध्ये आहे. २०१७ चा कोलोराडो ४८ गुणांवर तळाला राहूनही लॉटरीत चौथ्यावर घसरला, आणि त्या चौथ्या पिकवर त्यांना केल मकार मिळाला. २०२२ मध्ये कोलोराडोने कप जिंकला, तेव्हा प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू तोच. कॅलगरीचंच घ्या: गोलकीपर डस्टिन वुल्फ २०१९ मध्ये २१४ वा निवडला गेला. त्या वर्षी एकूण २१७ निवडी होत्या.

मग तू काय मागायचं

तुझा संघ खालून पाचव्याच्या वर असेल, तर सरळ जीत माग. हरून मिळणारं जवळपास शून्य आहे आणि जाणारं बरंच. तिथला एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा आत्ता शिकतोय की या संघात मार्चमध्ये कसं खेळतात.

संघ खालच्या तिघांत असेल, आणि त्या वर्षी ड्राफ्टला खरोखर मॅकडेव्हिडच्या तोडीचा कोणी असेल, तर गणित बदलतं हे मी मान्य करतो. तेव्हा मॅनेजरने जुने खेळाडू विकले तर तक्रार करू नकोस. कॅलगरीने १९९५ मध्ये न्यूएन्डाइकला डॅलसला देऊन अठरा वर्षांचा इगिनला घेतला, आणि तो पुढे त्या शहराचा जीव झाला. विकणं म्हणजे हरणं नव्हे. शिकागोनेही २०२३ च्या ड्राफ्टमधल्या बेडार्डसाठी केन, डिब्रिंकॅट सगळे विकले आणि लॉटरी लागली. पण त्यानंतरचे दोन्ही हंगाम ते खालून दुसरेच राहिले, हे लक्षात ठेव. एका मुलाने घर उभं राहत नाही. विकून काय आणलं, ते कोण घडवतंय, याच्यावर डोळा ठेव. ऑफिसात भांडायचंच असेल तर त्यावर भांड.

पण सामना सुरू झाल्यावर, तुझ्या जर्सीतल्या पोराने पक (हॉकीतली रबरी चकती) नेटमध्ये मारला तर ओरड. तिथे दुसरा विचार आणू नकोस.

महिलांच्या आइस हॉकी लीगने, पीडब्ल्यूएचएलने, यावर फार चांगली तोड काढलीय. प्लेऑफमधून बाहेर पडल्यावर पुढे जो संघ जास्त गुण मिळवेल, त्याला पहिला पिक. दुबळा संघ लवकर बाहेर पडतो, म्हणून त्याला गुण मिळवायला सामनेही जास्त मिळतात. २०२४ मध्ये तळाच्या न्यूयॉर्कला या पद्धतीने पहिला पिक मिळाला आणि सारा फिलिअर त्यांच्याकडे आली. एनएचएलमध्ये हे आलं, तर तुझ्या ऑफिसातली माणसंही मार्चमध्ये विजयाची वाट बघतील.

तोवर, पुढच्या वेळी फ्लेम्सचा घरचा सामना असेल तेव्हा वरच्या मजल्यावरचं स्वस्त तिकीट काढ. अशा मार्चमध्ये ते मिळतं. वॉर्म-अपच्या आधी जा, गोलपोस्टच्या मागच्या बाजूला बस आणि वुल्फ नेटमध्ये असेल तर त्याचे पाय बघ, तो एका खांबाकडून दुसऱ्याकडे कसा सरकतो ते. मग मला फोन कर.