घरमालकाची कुंडली फुकटात: नोंदणी विभागाची ‘ई-सर्च’ सेवा

पुण्यात घर भाड्यानं घेताना आपली सगळी चौकशी होते. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची, सोसायटीला आधार कार्ड, एजंटला कंपनीचं ओळखपत्र. मालकाबद्दल मात्र “साहेब, माणसं एकदम चांगली, कटकट नाही” एवढंच ऐकायचं आणि डिपॉझिट मोजायचं. मी एका सीएच्या ऑफिसात काम करतो, दिवसभर दुसऱ्यांचे कागद वाचतो. त्यामुळे या वेळी घर शोधताना नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरची, नोंदलेले दस्त शोधायची मोफत ‘ई-सर्च’ सेवा वापरली. फ्लॅट विकत घेणारे आणि त्यांचे वकील ती नेहमी वापरतात. भाडेकरूंना कुणी सांगतच नाही.

वर्ष, जिल्हा, गाव आणि मिळकत क्रमांक टाकायचा. हो, गाव. कोथरूड असो की बाणेर, इथे ती अजून गावंच आहेत. मिळकत क्रमांक म्हणजे सर्व्हे नंबर किंवा सिटीएस (सिटी सर्व्हे) नंबर. एजंटला विचारू नका, तो उगाच बिचकतो. सोसायटीच्या गेटवरच्या पाटीवर ‘स. नं.’ लिहून बहुतेक वेळा तो टांगलेलाच असतो. मग त्या सर्व्हे नंबरातले त्या वर्षीचे दस्त तक्त्यात येतात. त्यातून आपला फ्लॅट हुडकायला चहा घेऊन बसावं लागतं.

पण हाती जे लागतं ते मोलाचं. खरेदीखत कुणाच्या नावावर आहे ते दिसतं, म्हणजे घर दाखवणारा खरंच मालक आहे की मालकाचा मेहुणा, हे कळतं. आणि विक्रीच्या दस्तांच्या मधोमध ‘लिव्ह अँड लायसन्स’ असा प्रकार दिसला की थांबायचं. तो भाडेकरार. देणारा कोण, घेणारा कोण, तारीख काय, सगळं समोर.

सिंहगड रोडला आनंदनगरच्या बाजूला एक टू बीएचके आम्हाला आवडला होता. एजंट म्हणाला, आधीची फॅमिली पाच वर्षं राहिली. एकेक वर्ष टाकून पाहिलं, तर दर करारात नवं आडनाव. कुणी दुसऱ्यांदा करार केलेलाच नाही, आणि एक कुटुंब तर अकरा महिने पुरे व्हायच्या आत बदललेलं. एखादा भाडेकरू बदलीमुळे जातो, मान्य. सगळेच कसे जातील?

एकही करार नोंदलेला सापडला नाही, तर तीही माहितीच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. नाही नोंदवला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं (उलट सिद्ध होईपर्यंत), आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. “नोटरीवर करू, खर्च वाचेल” म्हणणाऱ्यांसाठी हिशेबच मांडतो: भाडं 20,000, डिपॉझिट 60,000, मुदत अकरा महिने. स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, म्हणजे सहाशेच्या आत. शहरात नोंदणी फी 1000. या रकमेसाठी कोण एवढी काटकसर करतं?

मालक भांडकुदळ आहे का, हे इथे दिसत नाही. त्यासाठी कोर्टातल्या खटल्यांची माहिती देणाऱ्या ई-कोर्ट्सच्या साइटवर पुणे निवडून पक्षकाराच्या नावानं शोध घ्या. आडनाव जोशी-कुलकर्णी असेल तर मात्र देवच वाली. बांधकाम प्रकल्पांची नोंद ठेवणारं महारेरा 2017 पासूनचं, म्हणून जुन्या इमारतींना फारसं उपयोगी नाही.

इमारतीबद्दल तर ई-सर्च मुकीच. तिथे वीजबिल कामाला येतं. बारा आकडी ग्राहक क्रमांक मिळाला की महावितरणचं बिल ऑनलाइन दिसतं, त्यावर मागच्या महिन्यांचा वापरही असतो. एजंटच्या भाषेत ‘कालच रिकामा झालेल्या’ आनंदनगरच्या त्याच फ्लॅटचा वापर अख्खा पावसाळा जवळजवळ शून्य होता. मग पुन्हा बघायला गेलो तेव्हा बेडरूममधलं कपाट थोडं सरकवून मागच्या भिंतीला हात लावला. नवा कोरा रंग पापडासारखा सुटून हातात आला. खाली पार्किंगमध्ये मीटरची पेटी डोक्याच्या उंचीवर नव्यानं बसवलेली. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, “साहेब, त्या पाण्यात गाड्या तरंगत होत्या.” 25 जुलै 2024 ला खडकवासला धरणाचा विसर्ग वाढला आणि सिंहगड रोडच्याच एकता नगरीत पाणी घुसलं, तोच दिवस. हे कुठल्या पोर्टलवर सापडायचं?

पाणी महापालिकेचं की टँकरचं, हेही वॉचमनलाच विचारा. जानेवारी 2025 मध्ये नांदेडगाव-किरकटवाडी भागात जीबीएसची (दूषित पाण्याशी जोडल्या गेलेल्या, नसांवर परिणाम करणाऱ्या आजाराची) साथ आल्यापासून आमची आई घर बघायला गेली की आधी स्वयंपाकघरातला नळ सोडते, मग हॉल बघते.

सेवेला पाचपैकी चार तारे. एक कापला, कारण नोंदी जशा टाइप होतात तशाच सापडतात. मिळकत क्रमांकातला एखादा आकडा उडाला तर शोधणारा हुकला. शिवाय वारसाहक्कानं आलेलं घर इथे जुन्याच नावावर दिसतं. आता आम्ही कर्वेनगरात राहतो त्या घराचं तसंच झालं. नोंद एका गृहस्थांच्या नावावर आणि भाडं ठरवायला बसलेल्या काकू! जरा कचरतच विचारलं. त्या आत गेल्या आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट घेऊन आल्या. काका वारल्यावर मागच्या बाजूला त्यांचं नाव चढवलेलं, खाली सेक्रेटरीची सही. “विचारलंत ते बरं केलंत,” म्हणाल्या, “आधीच्यांनी कधी विचारलं नव्हतं.” आधीचे म्हणजे एकच कुटुंब, दर वेळी करार वाढवत राहिलेलं. ते मी आधीच पाहून गेलो होतो.