आडव्या फोटोंसाठी इन्स्टाग्राम की फ्लिकर?

डोंगरदऱ्यांचे आणि गडकिल्ल्यांचे फोटो हौसेने काढावेत आणि चार जाणत्या लोकांनी ते निवांत पाहावेत, एवढीच ज्यांची अपेक्षा आहे, त्यांनी इन्स्टाग्राम आणि फ्लिकर (फोटो साठवण्याचे आणि दाखवण्याचे संकेतस्थळ) यांपैकी काय निवडावे? मी दोन्ही वापरले आहेत आणि माझा कल एका बाजूला झुकलेला आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

वर्दळ हवी असेल तर इन्स्टाग्रामला तोड नाही. सह्याद्रीत भटकणारे, पक्षी टिपणारे, वारीसोबत चालणारे मराठी छायाचित्रकार तिथे सहज भेटतात आणि सकाळी टाकलेल्या फोटोखाली दुपारपर्यंत ‘हा कोणता घाट?’ अशी विचारणाही होते. फ्लिकरवर ही लगबग नाही. अनेक समूहांत शुकशुकाट असतो आणि घरच्यांना फोटो दाखवायचा तर शेवटी व्हॉट्सॲपवर लिंकच पाठवावी लागते.

तरीही माझ्यापुरता निकाल लावला तो आडव्या फोटोंनी. फोटो चौरसच हवा ही सक्ती इन्स्टाग्रामने 2015 मध्येच उठवली. पण पाहणाऱ्याच्या हातातला फोन उभा असतो, त्याला कोण काय करणार? 1080 पिक्सेल रुंदीत 4:5 प्रमाणाच्या उभ्या फोटोला 1350 पिक्सेल उंची मिळते, तर 3:2 प्रमाणाच्या आडव्या फोटोला 720. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा या टोकापासून त्या टोकापर्यंत फ्रेममध्ये घेतला, तर कड्याच्या काठावर पालथा पडून खाली डोकावणारा माणूस, ज्याच्यामुळे त्या खोलीचा अंदाज येतो, फोनवर जेमतेम ठिपक्याएवढा उरतो. फोटोचे तुकडे पाडून ते ओळीने सरकवत दाखवण्याची युक्ती आहे खरी, परंतु कड्याचा सलग बाक हाच विषय असताना तोच मध्ये तोडणे मला पटत नाही. त्याहून खटकते ते हे, की पुढे पुढे गडावरही हात आपसूक कॅमेरा उभा धरू लागतो. व्यक्तिचित्रे काढणाऱ्यांना कदाचित ही अडचण जाणवणारही नाही.

फ्लिकरवर तोच फोटो संगणकाच्या रुंद पडद्यावर, काळ्या पार्श्वभूमीवर, आजूबाजूला काहीही न लुडबुडता पाहता येतो. लेन्स, ॲपर्चर (लेन्सच्या छिद्राचा आकार), शटरचा वेग ही माहिती आपण लपवली नसेल तर फोटोखाली दिसते, त्यामुळे तिथल्या मोजक्या अभिप्रायांतही कामाची चर्चा होते, असा माझा अनुभव आहे. शिवाय टॅगवरून शोधत आलेल्या एखाद्याला जुना फोटोही सापडतो. मोफत खात्यावर 1000 फोटोंची मर्यादा आहे आणि त्यांतले खासगी फक्त 50 ठेवता येतात. सरसकट मेमरी कार्ड रिकामे करणाऱ्याला हे अपुरे पडेल, निवडून टाकणाऱ्याला बहुधा नाही.

दोन्हीकडे खाते ठेवायला अर्थातच हरकत नाही. मात्र एकच निवडायचे असेल आणि आपल्या हार्ड डिस्कवर आडव्या फोटोंची संख्या अधिक असेल, तर आधी फ्लिकरवर वीसेक निवडक फोटोंचा एक अल्बम लावून तो मोठ्या पडद्यावर पाहावा, असे मी सुचवेन.