तक्रारींची वर्गवारी: आधी लिहिलेल्या नियमांनी, आता एआयने

ग्राहकांच्या तक्रारी वेगवेगळ्या विभागांकडे पाठवणारी एक एआय प्रणाली मी गेले काही महिने रोज वापरतो आहे. त्याआधी हेच काम ठरावीक शब्द शोधणारा साधा प्रोग्राम करत असे. जाहिरातीत दोन्हींना ‘बुद्धिमान’ म्हटलेले होते, त्यामुळे त्या विशेषणाला फारसा अर्थ नाही.

जुन्या प्रोग्रामचा प्रत्येक नियम कोणीतरी हाताने लिहिलेला होता. मजकुरात ‘परतावा’ दिसला की तक्रार परताव्याच्या यादीत जाई. साहजिकच ‘मला परतावा नको, वस्तू बदलून द्या’ असे लिहिणारा ग्राहकही तिथेच जाऊन बसे, आणि ‘खात्यातून पैसे गेले, ऑर्डर मात्र कुठेच दिसत नाही’ ही खरोखर गंभीर तक्रार ‘इतर’मध्ये पडून राही. नवी प्रणाली या दोन्ही तक्रारी बिनचूक ओळखते, आणि त्यासाठीचा नियम तिच्यात कोणीही लिहिलेला नाही. प्रचंड मजकुरावरच्या प्रशिक्षणात तिच्या आतले जे असंख्य आकडे ठरत गेले, त्यांच्या गुणाकार-बेरजांतून हे उत्तर निघते. म्हणजे चालते ते शेवटी गणितच. फरक आहे तो नियम आला कुठून, यात. १९९७ साली बुद्धिबळातला जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह याला हरवणारा डीप ब्लू हा संगणक सेकंदाला पटावरच्या सुमारे २० कोटी स्थिती तपासू शकत असे, पण चांगली स्थिती कशी ओळखायची याचे निकष प्रामुख्याने माणसांनी घालून दिलेले होते. २०१७ मधील अल्फाझीरो या प्रोग्रामला बुद्धिबळाचे नियम तेवढे सांगितले होते, बाकीचे तो स्वतःशीच खेळून शिकला. नुसता निकाल पाहणाऱ्याला हा भेद दिसत नाही, कारण जिंकले दोघेही.

चुका मात्र भेद उघड करतात. जुना प्रोग्राम चुकला की दोषी ओळ सापडत असे. ‘वा, तिसऱ्यांदा फोन करायला लावलात, धन्यवाद!’ हा उपरोध नव्या प्रणालीने समाधानी ग्राहकांच्या अभिप्रायांत टाकला, तेव्हा दुरुस्त करायला ओळच नव्हती. कारण विचारल्यावर तिने पटण्याजोगे स्पष्टीकरण दिले खरे, पण निर्णय त्याच कारणाने झाला याची कोणतीही हमी त्यात नसते.

माझी दुसरी तक्रार याहून मोठी आहे. मी केलेल्या दुरुस्त्यांतून ही प्रणाली काहीही शिकत नाही; पुन्हा प्रशिक्षण होईपर्यंत तिचे आकडे गोठलेलेच राहतात. उलट बेझच्या सूत्रावर, म्हणजे शब्दांवरून शक्यता काढण्याच्या गणितावर, चालणारा आणि नको असलेले ईमेल गाळणारा जुना स्पॅम फिल्टर, ज्याला आज कोणी एआय म्हणायला धजावणार नाही, वापरणाऱ्याच्या प्रत्येक खुणेतून थोडा थोडा शिकत राहतो.

वर्गवारीसाठी मी नवीच प्रणाली ठेवणार आहे, कारण माणसे मनाला येईल तसे लिहितात आणि तेवढे सगळे नियम कोणी लिहून पुरे होत नाहीत. रक्कम जुळते का आणि मुदत उलटली का, हे मात्र जुना प्रोग्रामच तपासतो. तिथे मला अंदाज नको आहे.