टेक्सजेन: विणकाम चोख, पण भंगबलाचा अंदाज जपून घ्यावा

नॉटिंगहॅम विद्यापीठात विकसित झालेले टेक्सजेन हे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर मी काच-इपॉक्सी कंपोझिटच्या, म्हणजे काचतंतूंचे कापड इपॉक्सी राळेत बसवून केलेल्या पदार्थाच्या, कामासाठी वापरतो. एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी, की हे सॉफ्टवेअर स्वतः ताण मोजत नाही. ते विणलेल्या कापडाची त्रिमितीय भूमिती रचून देते आणि पुढचे गणित अबॅकससारख्या फायनाइट एलिमेंट प्रणालीवर, म्हणजे वस्तूचे लहान तुकडे (एलिमेंट) कल्पून ताण मोजणाऱ्या सॉफ्टवेअरवर, सोपवते. त्यामुळे ते फुकट मिळत असले, तरी गणित करणाऱ्या प्रणालीचा खर्च ज्याचा त्यालाच करावा लागतो.

भूमितीच्या बाबतीत मात्र नाव ठेवायला जागा कमी आहे. उभ्या-आडव्या धाग्यांची संख्या, त्यांची रुंदी, दोन धाग्यांमधले अंतर आणि कापडाची जाडी भरली, की चौकटींचा तक्ता समोर येतो आणि ज्या चौकटीवर क्लिक करावे तिथे वरचा धागा खाली जातो. साधी वीण असो वा सॅटिन, दोन मिनिटांत तयार होते. याचे मोल असे, की विणीत धागा वर-खाली वळत जातो आणि त्या वळणामुळेच प्रतलातील ताठरपणा सरळ तंतूंच्या थरापेक्षा कमी भरतो. अबॅकससाठी फाइल काढताना धाग्यात येणाऱ्या प्रत्येक एलिमेंटची तंतूदिशा वेगळ्या फाइलमध्ये नोंदवली जाते, म्हणून हा परिणाम गणितात आपोआप उतरतो. आवर्ती सीमा-अटीही, म्हणजे विणीचा एक तुकडा सगळीकडे तसाच पुढे चालू आहे असे गणिताला सांगणाऱ्या अटीही, तयार मिळतात. त्या हाताने लिहिण्याचा कंटाळवाणा उद्योग ज्याने केला आहे, त्यालाच या सोयीची किंमत कळेल.

पहिल्या खेपेस ताठरपणाचे माझे उत्तर फारच कमी आले. दोष माझाच होता. धागा म्हणजे अनेक तंतूंचा जुडगा; कंपोझिटच्या संपूर्ण पट्टीच्या घनफळात तंतूंचे प्रमाण ०.४५ होते आणि तोच आकडा मी धाग्याच्या आतील प्रमाण म्हणून भरला होता. युनिट सेलचा, म्हणजे विणीच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वांत लहान तुकड्याचा, ६५ टक्के भाग धाग्यांनी व्यापला असेल, तर धाग्याच्या आतील प्रमाण सुमारे ०.६९ यायला हवे. माझ्या चुकीमुळे मॉडेलमध्ये एकूण तंतू ०.२९ एवढेच उरले होते.

खरी मर्यादा व्हॉक्सेल मेशची, म्हणजे सेलचे सरळ कडांच्या ठोकळ्यांत केलेल्या विभागणीची, आहे. लहान ठोकळ्यांनी धाग्याचा गोलसर पृष्ठभाग पायऱ्या-पायऱ्यांचा होतो आणि प्रत्येक पायरीच्या कोपऱ्यावर प्रत्यक्षात नसलेला ताण दिसू लागतो. ताठरपणा हा संपूर्ण सेलवरील सरासरीतून निघत असल्याने त्याला याचा फारसा धक्का बसत नाही, परंतु तडा कुठून जाईल हे त्या कोपऱ्यांवरून ठरवणे धोक्याचे आहे. शिवाय प्रत्येक बाजूला १०० ठोकळे घेतले, की एलिमेंटची संख्या १० लाखांवर जाते आणि साधा संगणक रडकुंडीला येतो.

पायथन स्क्रिप्टची सोय असल्यामुळे धाग्यांमधले अंतर बदलून तेच गणित रात्रभर लावून ठेवता येते. ताठरपणासाठी मी आता आधी मॉडेल करतो आणि मोजके नमुने चाचणीला पाठवतो; भंगबलाचा आकडा मात्र अजूनही यंत्रावर पट्टी तोडूनच घेतो.