पितळी कॉफी फिल्टर आणि शनिवारची बैठक : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या आठ महिन्यांत या सहा कपांच्या पितळी फिल्टरमधून सोलापुरातल्या आमच्या मुरारजी पेठेतल्या घराच्या गच्चीवर दर शनिवारी संध्याकाळी भरणाऱ्या बैठकीसाठी कॉफी उतरली आहे, आणि एवढ्या वापरानंतर त्याच्याविषयी जबाबदारीने लिहिता येईल असे वाटते. मात्र हे भांडे मी कशासाठी घेतले ते आधी सांगायला हवे, कारण निव्वळ सकाळची कॉफी हवी असणाऱ्याला माझे मत फारसे उपयोगी पडणार नाही.

तीन वर्षांपूर्वी मुलीच्या परीक्षेसाठी कोलकात्यास जाणे झाले. ती केंद्रात असताना मी कॉलेज स्ट्रीटवरच्या पुस्तकांच्या दुकानांतून फिरत फिरत कॉफी हाऊसचा जिना चढले. उंच छत, लांब दांड्यांचे पंखे, भिंतीवर रवींद्रनाथांचे भले मोठे चित्र, पांढरा पोशाख आणि तुरेदार पगडी घातलेले वाढपी, आणि या सगळ्यावरून वाहणारा बोलण्याचा गलबला. बिनदुधाच्या कॉफीला तेथे ‘इन्फ्युजन’ म्हणतात. ते एक मागवून मी दोन तास बसले. शेजारच्या टेबलावर दोन तरुण एका कवितेच्या कागदावर पेन्सिलीने खुणा करत होते. त्यांचे कप केव्हाच रिकामे झाले होते, वाढपी दोनदा अगदी जवळून गेला, पण त्याने कपांना हात लावला नाही. ग्रंथालयात तीस वर्षे नोकरी केलेल्या माझ्यासारखीला त्या न लावलेल्या हाताचे मोल लगेच कळले.

परत आल्यावर त्या वास्तूचा इतिहास मी मिळेल तेथून वाचला. तिचे मूळ नाव अल्बर्ट हॉल. सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि आनंदमोहन बोस यांच्या पुढाकाराने 26 जुलै 1876 रोजी इंडियन असोसिएशन या राजकीय संघटनेची स्थापना तेथेच झाली, म्हणजे काँग्रेसच्या जन्माआधी नऊ वर्षे त्या छताखाली सार्वजनिक चर्चा सुरू झालेली होती. पुढच्याच वर्षी, 1877 मध्ये, आमच्या सोलापुरात ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी कापड गिरणी निघाली. माझे वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, होते आणि आमच्या घरचे उठणे, जेवणे, निजणे भोंग्यावर चाले; पाळी सुटल्यावर चहाच्या दुकानासमोर उभ्याने जेवढे बोलून होईल तेवढेच बोलणे त्यांच्या वाट्याला आले. वडील उत्तम अभंग म्हणत, पण बसून ऐकणारे त्यांना क्वचितच मिळाले. ही दोन सालांची जवळीक माझ्या मनातून अजून जात नाही.

कॉफी तेथे पुष्कळ उशिरा आली. देशात कॉफीचा खप वाढावा म्हणून कॉफी सेस कमिटीने 1936 मध्ये मुंबईत पहिले इंडिया कॉफी हाऊस काढले, पुढे हा कारभार कॉफी बोर्डाकडे गेला आणि 1942 मध्ये अल्बर्ट हॉलमध्येही कॉफी मिळू लागली. समोर प्रेसिडेन्सी कॉलेज, पलीकडे विद्यापीठ, खाली पुस्तकांचा बाजार. तेव्हा तेथे कोण येऊन बसणार हे ठरलेलेच होते. 1953 मध्ये निघालेल्या ‘कृत्तिबास’ या कवितेच्या नियतकालिकाच्या मंडळींचा तो अड्डा होता, आणि सुनील गंगोपाध्याय, शक्ती चट्टोपाध्याय यांची नावे त्या टेबलांशी कायमची जोडली गेली आहेत. पण एका कपावर तीन तास बसणाऱ्या कवींमुळे खप काही वाढत नाही. 1950 च्या दशकात बोर्डाने ही कॉफी हाऊसे बंद करायला घेतली आणि कामगारांच्या नोकऱ्या जाऊ लागल्या. तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने कामगारांनीच सहकारी संस्था स्थापन केल्या; 1957 मध्ये पहिली संस्था बंगळुरूत उभी राहिली आणि त्याच वर्षी दिल्लीत कामगारांचे स्वतःचे कॉफी हाऊस सुरू झाले. कॉलेज स्ट्रीटचे दालन 1958 मध्ये बंद झाले, परंतु प्रेसिडेन्सी आणि कलकत्ता विद्यापीठातील प्राध्यापकांनी सरकारकडे विनंती अर्ज केला आणि ते त्याच वर्षी पुन्हा उघडले. कपांना हात न लावणारा तो वाढपी या परंपरेतला होता, हे मला वाचल्यावर उमगले.

असे दालन सोलापुरात उभे करणे माझ्या आवाक्यातले नाही, पण गच्ची आहे, सतरंजी आहे आणि वेळ आहे. झटपट कॉफी पाच मिनिटांत होते आणि ती पिऊन माणसे पाच मिनिटांत उठतात, म्हणून मी फिल्टर घेतला. वरच्या भांड्यात चार मोठे चमचे पूड, तीवर दांडीची चकती अलगद ठेवायची, उकळी येऊन क्षणभर निवलेले पाणी गोल फिरवत ओतायचे, झाकण लावायचे आणि मग त्याच्याकडे लक्ष द्यायचे नाही. खालच्या भांड्यात डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, उतरायला वीस ते पंचवीस मिनिटे लागतात. पहिल्या शनिवारी शेजारचे काका अधीर होऊन म्हणाले, “बाई, अजून उतरली नाही का ओ? चहा तरी टाका की!” आता तेच काका ती पंचवीस मिनिटे वाचनासाठी राखून ठेवायला सांगतात. यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारे मुकादम, असलेले, साखर पेठेकडून येणारे एक गृहस्थ तेलुगूत कविता करतात; त्यांची एक कविता मराठीत आणताना मागावरच्या एका शब्दासाठी आम्ही तीन शनिवार घालवले, आणि त्या तिन्ही वेळी कॉफी उतरून गार झाली.

आता दोषांविषयी. ज्या दुकानातून भांडे घेतले तेथे आतली कल्हई वर्षभर टिकेल असे सांगण्यात आले होते, पण दुसऱ्याच महिन्यात तळाशी पिवळे डाग दिसू लागले आणि डिकॉक्शनला कळकट चव आली. डिकॉक्शन आंबट असते. उघड्या पितळेत ते कळकते, म्हणून असे भांडे तसेच वापरणे योग्य नाही. दुकानदाराने दाद दिली नाही. शेवटी मंगळवार पेठेतल्या एका वयस्कर कारागिराकडे गेले. त्यांनी भांडे निखाऱ्यावर तापवले, आत नवसागर टाकला, पांढरा धूर उठला, आणि कथलाचा तुकडा टेकवून कापसाच्या बोळ्याने फिरवताच पिवळ्या पितळेवरून चांदीसारखी लकाकी धावत गेली. ती कल्हई आजतागायत शाबूत आहे. मात्र हे काम करणारे हात शहरात फार थोडे उरले आहेत, याचा विचार भांडे घेण्यापूर्वी करावा.

दुसरी अडचण पाण्याची आहे. बोअरचे पाणी वापरले की कॉफी सपक लागते आणि छिद्रांभोवती पांढरा थर धरतो. उजनीचे पाणी काही दिवसांआड येते, म्हणून शनिवारपुरती एक कळशी मी वेगळी भरून ठेवते. थर धरलाच तर लिंबाच्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवून बारीक टाचणीने एकेक छिद्र मोकळे करावे; घासणीने आत घासू नये, कल्हई जाते.

पूड फार बारीक असेल तर पाणी वरच अडते, फार जाड असेल तर खाली पांचट डिकॉक्शन पडते. रव्यापेक्षा किंचित बारीक दळण मला योग्य वाटले. चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड, वीस टक्क्यांच्या पुढे नको. तिने रंग आणि दाटपणा येतो, पण कॉफीचा वास दबतो. उन्हाळ्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, उरलेले डिकॉक्शन दुसऱ्या दिवशीपर्यंत बाहेर राहत नाही, तेव्हा तेवढ्यापुरतेच करावे. पितळ तापलेले राहते, हा गुण आहे. पण वरचे भांडे गरम असताना घट्ट अडकून बसते, आणि ते ओढताना माझ्या हातावर एकदा डिकॉक्शन सांडले आहे. फडक्याने धरून, थोडे निवल्यावर, फिरवत काढावे.

एकट्यादुकट्या माणसाला मी स्टीलचा छोटा फिल्टर घेण्यास सांगेन. तो हलका आहे, स्वस्त आहे आणि त्याला कल्हई लागत नाही. सहा-आठ माणसे जमणार असतील तर पितळीच घ्यावा. घेताना दुकानातच वरचे भांडे उजेडाकडे धरून पाहावे. छिद्रे सारखी आणि मोकळी दिसली पाहिजेत. माझ्या भांड्यात कडेची चार छिद्रे आरपार पडलेलीच नव्हती, ती नंतर त्याच कारागिरांनी पाडून दिली.