विटलेल्या रंगीत फोटोसाठी गिम्प: फोटो सुधारायचा हा प्रोग्रॅम फुकट आहे, पण हात बसायला वेळ लागतो

फोटो सगळीकडे सारखाच विटला असेल तर कुठलंही अ‍ॅप चालतं. अर्धा उन्हात, अर्धा फ्रेमच्या कडेखाली राहिला असेल, तर ‘ऑटो’ बटण एक बाजू सुधारतं आणि दुसरी निळी-हिरवी करून टाकतं. इथे गिम्पचे लेयर मास्क, म्हणजे बदल हव्या तेवढ्याच भागावर दिसू देणारे पडदे, कामी येतात.

स्कॅन ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), ४८ बिट (लाल, हिरवा, निळा प्रत्येकी १६), टिफ फाइल. स्कॅनरची रंगदुरुस्ती बंद. लेयरची (फोटोच्या थराची) प्रत काढा आणि फक्त विटलेल्या भागाकडे बघत ‘कर्व्ह्ज’, म्हणजे उजेड आणि रंग बदलायची रेषा, लावा. सावल्या तांबूस दिसत असतील तर निळसर, म्हणजे सायन, रंगद्रव्य उडालंय: लाल चॅनेलच्या, म्हणजे फक्त लाल रंगाच्या, रेषेचा खालचा डावा बिंदू तिच्यामागचा आलेख सुरू होतो तिथपर्यंत उजवीकडे सरकवा. मग या प्रतीला काळा मास्क जोडा, तो बदल झाकतो; विटलेल्या भागावर मऊ, मोठ्या ब्रशने पांढरं रंगवा, म्हणजे तिथेच बदल दिसेल. ब्रशची अपारदर्शकता २० टक्क्यांच्या आसपास. सीमारेषा दिसलीच तर मास्कवर गॉशियन ब्लर (कडा धूसर करणारा फिल्टर).

प्रत्येक रंगाला ८ च बिट असलेल्या स्कॅनवर एवढी ओढाताण केली की आकाशात पट्टे उमटतात. निळ्या चॅनेलमध्ये दाणे वाढतात, तेवढ्याच चॅनेलवर ब्लर द्या. चेहऱ्याचा तपशीलच उडाला असेल तर कर्व्ह्ज काय करणार! पॅनेलं मात्र नवख्याला गोंधळवणारी. मास्क जमला की चार तारे, नाहीतर तीनच.